थोडी कळ सोसा

८ फेब्रुवारी

ताई,

लांबूनच वाकून नमस्कार करते. जवळ असते तर तुम्ही करू दिला नसतात.

काल तुम्हाला टीव्हीवर पाहिलं. मंत्री नव्या कायद्यावर सही करत होते आणि त्यांच्या खुर्चीमागे तुम्ही, मिठूचा फोटो छातीशी धरून. मी हातातलं काम टाकून ह्यांना हाक मारली. हे भिंतीला धरून धरून आले, पडद्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई किती वाळली गं." मिठू ह्यांच्या दुकानातच तर मोठा झाला. सुट्टी लागली की आईला सोडून मामाकडे, आणि दिवसभर कापसाच्या ढिगात उड्या. "मी गादीचा राजा," म्हणायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी दुकानातला त्याचा उड्या मारायचा कोपरा हे कुणाला भरू देत नाहीत.

चार वर्षं तुम्ही उन्हातान्हात फिरलात, दारोदार जाऊन सह्या गोळा केल्यात. कष्टांचं चीज झालं.

आमच्याकडचं विचाराल तर ह्यांची पाठ अजून कुरकुरते. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणालेच होते, वेळ लागेल. गाद्यांचं काम वाकून करायचं, म्हणून दुकान तात्पुरतं बंद ठेवलं आहे. मिठू गेला तेव्हापासून तुम्ही घरात फोनच ठेवत नाही, म्हणून हे पत्र. मलाही पत्रच बरं वाटतं. फोनवर बोललेलं घरभर ऐकू जातं.

एक विचारायचं होतं, सहजच. तुमच्या ह्या कायद्यात आजारी माणसांची काही सोय ठेवली आहे ना?

तुमची भावजय


१७ फेब्रुवारी

वहिनी,

चीज झालं म्हणालीस. झालं असेल. सही झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मंत्र्यांनी सहीचं पेन मला दिलं. मी बाहेर आले आणि ते पेन हातात घेऊन पायऱ्यांवर बसून राहिले. उद्या सकाळी कशासाठी उठायचं, तेच कळेना. चार वर्षं ह्या एका गोष्टीच्या जोरावर अंथरुणातून उठत होते.

पूर्वी दुखणं मारणाऱ्या दोन-तीन जहाल गोळ्याच यादीत होत्या. आता त्यांची सगळी भावंडं यादीत घातली आहेत, चुलत-मावससुद्धा सोडली नाहीत. डॉक्टरनं सढळ हातानं लिहून दिली तर त्याची पदवी जाईल, दुकानदाराचा साठा जुळला नाही तर दुकान जाईल. परवान्याशिवाय कुणाकडे सापडली तर सरळ तुरुंग, आणि न्यायाधीशाला दयामाया दाखवायची मुभाच नाही. तो मुद्दा मी लावून धरला होता. मिठूला गोळ्या विकणारा चार दिवसांत सुटून आला आणि माझ्या दारावरून शीळ घालत गेला, ते मी विसरलेले नाही.

आजारी माणसांचं मी स्वतः मंत्रीसाहेबांना विचारलं होतं. म्हणाले, "ताई, खऱ्या रुग्णाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

पण तू का विचारतेस? धाकटा कसल्या गोळ्या घेतो? नाव कळव. मिठूचंही पाठीपासूनच सुरू झालं होतं. सायकलवरून पडला एवढंच निमित्त. आधी दुखतं म्हणून घेतली, मग दुखेल म्हणून, मग काहीच दुखत नसताना. धाकट्याला म्हणावं, ताईची शपथ आहे.

ताई


११ मार्च

ताई,

ह्यांची काळजी करू नका. हे साध्या गोळ्यांवर आहेत, पाठ शेकतो, चाललंय.

मी विचारलं ते आमच्या शेजारच्या गृहस्थांसाठी. त्यांचा आजार हाडांत उतरला आहे. आमच्या डॉक्टरांनी त्यांना एक गोळी चालू केली होती. तिनं माणूस बरा झाला नव्हता, पण माणसात होता. बसून जेवायचा, पेपर वाचून सरकारला शिव्या द्यायचा, बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. आता औषधाच्या दुकानात पाटी लागली आहे, 'ह्या गोळ्या मिळत नाहीत, कृपया विचारू नये.' त्यांची बायको तरी विचारायला गेली. दुकानदार तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला मी ओळखत नाही का? पण तपासणीवाले सारखे येतात. एक गोळी कमी भरली तर माझ्या पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी ठेवणंच बंद केलं." डॉक्टरही आता लिहून द्यायला कचरतात. समोर बसलेल्या माणसाकडे न बघता बोलतात.

तो माणूस आता सरकारला शिव्या देत नाही. उशीचा कोपरा तोंडात धरून पडून असतो.

ताई, अशांनी काय करायचं? तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते.

तुमची भावजय


२० मार्च

वहिनी,

त्या गृहस्थांचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या घरच्यांना सांग, परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. कायदा नवा आहे, घडी बसायला वेळ लागतो. तोवर त्यांना म्हणावं, थोडी कळ सोसा. कळ सोसून कुणी मरत नाही गं. गोळीनं मरतं. बाथरूमचं दार फोडलं तेव्हा मी तिथे उभी होते. नळ चालू होता. मला वाटत होतं, नळ चालू आहे म्हणजे पोरगं आंघोळ करतंय.

आणि त्या बाईवरही जरा लक्ष ठेव. नवऱ्याच्या दुखण्याच्या नावावर गोळ्या आणून विकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. रडायला लागल्या की कुणालाही खरं वाटेल.

धाकट्याच्या गोळ्यांचं नाव तू अजून कळवलं नाहीस.

ताई


१८ एप्रिल

ताई,

त्या बाईवर लक्ष ठेवायला सांगितलंत. ठेवलं आहे. ती मला रोज आरशात दिसते.

शेजारी कुणी गृहस्थ नाहीत. शेजारचं घर रिकामं आहे. हाडांत उतरलेला आजार ह्यांचाच. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत कळलं होतं. ह्यांनी मला शपथ घातली, "ताईला कळवू नकोस. तिनं ज्या गोळ्यांशी वैर धरलंय, त्याच मी खातो हे तिला कळलं तर तिला धड माझी काळजीही करता यायची नाही." म्हणून शेजाऱ्याचं सोंग आणलं. तुमचं पत्र येईल, त्यात काहीतरी वाट असेल, अशी आशा होती.

मी ते पत्र लपवलं होतं. ह्यांना सापडलं. वाचून हसले. म्हणाले, "ताई बरोबर लिहिते. कळ सोसून कुणी मरत नाही. तीच तर पंचाईत आहे."

अर्ज केला, ताई. परवान्याची खिडकी मोठ्या इस्पितळात आहे, आणि रुग्णानं स्वतः हजर राहायला हवं. दुकानाच्या टेम्पोत एकावर एक गाद्या टाकल्या आणि ह्यांना त्यावर निजवलं. ड्रायव्हर बिचारा पायी चालल्यासारखा चालवत होता. तरी रस्ता तो रस्ताच. पहिल्या खड्ड्याला हे म्हणाले, "माझ्याच हातच्या गाद्या, आता तक्रार कुणाकडे करू?" पुढच्या खड्ड्यांना नुसती गादीची कड मुठीत धरून ठेवली. आयुष्यभर दाभण चालवून लोकांची पाठ सुखात ठेवली, आणि आता ह्यांची पाठ कशावरच टेकत नाही.

खिडकीतल्या माणसानं कागद पाहिले आणि म्हणाला, "ह्या डॉक्टरची सही चालणार नाही. चौकशी सुरू आहे." आमच्या डॉक्टरांनी गावात सगळ्यात जास्त गोळ्या लिहून दिल्या म्हणून त्यांचा दवाखाना सील केला आहे. मी म्हटलं, "गावात असले रोगी बघणारे ते एकटेच आहेत. दुसरं कोण लिहून देणार?" तो म्हणाला, "ते आम्हाला माहीत नाही." दुसऱ्या डॉक्टरांसाठी दिवसभर बाकावर बसलो. बसलो कसलं, मी बसले, हे उभे होते. शेवटी थोड्या गोळ्या मिळाल्या. संपल्या की पुन्हा ह्यांनाच घेऊन यायचं.

त्या कधीच संपल्या. पुन्हा न्यायचं म्हटलं तर हात जोडतात. "मला परत टेम्पोत घालू नकोस," म्हणतात. मला हात जोडतात, ताई.

गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलं आहे. तुमचा शब्द वर चालतो. कुणाशी तरी बोला.

तुमची भावजय


२८ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांकडे गेले. मागे मी गेले की दारापर्यंत घ्यायला यायचे. ह्या वेळी बाकावर बसवलं. मी पाणीखात्याच्या खिडकीमागे नोकरी केलेली बाई आहे, टोलवाटोलवी मला वासावरून कळते.

आत गेल्यावर म्हणाले, "ताई, कायद्याच्या पत्रकावर तुमचा फोटो आहे. तुम्हीच सूट मागायला लागलात तर आम्ही तोंड कुठे लपवायचं? वर्षाअखेरीला आढावा आहे. तेव्हा बघू."

"माझा भाऊ वर्षाअखेरीपर्यंत थांबणार नाही."

"प्रत्येकाला भाऊ असतो, ताई."

हे वाक्य मला पूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. काल नुसती उठले आणि बाहेर आले. कारण मीच तुला तेच लिहिलं होतं, निराळ्या शब्दांत.

शनिवारी सचिवांनी बोलावलं आहे. तेवढा एक प्रयत्न करते. त्यातून काही निघालं नाही, तर रविवारी दुपारच्या बसनं तुमच्याकडे उतरते. आणि रिकाम्या हातानं येणार नाही.

लिहू नये ते लिहिते. मिठू गेल्यावर त्याच्या बुटांच्या खोक्यात दोन पाकिटं सापडली होती, न फोडलेली. ती मी टाकली नाहीत. सभेत हात वर करून दाखवायचे, "ह्यांनी माझा मुलगा नेला," आणि सगळी सभा गप्प व्हायची. काल ती काढून पाहिली. तू चिठ्ठीवर लिहिलेलं नाव तेच आहे. तारीखही अजून उलटलेली नाही.

माझा एक जण ह्यांनी नेला. दुसऱ्याला निदान निजू दे.

धाकट्याला सांग, ताई निघाली.


१४ मे

ताई,

तुम्ही आला नाहीत.

रविवारी हे सकाळपासून शुद्धीवर होते. मी त्यांना सांगितलं होतं ना, ताई निघाली. दाढी करून घेतली. दुखत असताना दाढी करून घेणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. दुपारची बस आली. आमच्या खिडकीतून थांबा दिसतो. माणसं उतरली, बस गेली. हे म्हणाले, "पुढच्या बसनं येईल." पुढचीही आली. मग "ताई आली का?" एवढंच विचारत राहिले. मी सांगत होते, येतायत. शेवटी काय सांगणार?

मंगळवारी दुपारी गेले. जाण्याआधी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले नाहीत.

ह्यांचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. मी त्यांना दोष देत नाही. मलाही लावता आली असती तर लावली असती.

तुम्हाला शेवटच्या घटकेला तुमचा कायदा आठवला असेल. की पत्रकावरचा फोटो आठवला? मला उत्तर नको आहे. पुन्हा पत्र पाठवू नका.


३० मे

वहिनी,

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहिते. तुझं पत्र आधी माझ्या घरी गेलं, शेजारणीनं ते इथे पाठवलं. इथे म्हणजे तुरुंगात, बायकांच्या विभागात.

शनिवारी सचिव भेटलेच नाहीत. रविवारी सकाळी बसस्थानकावर तपासणी होती. नव्या कायद्यानं ती सगळीकडे सुरू केली आहे. माझ्या पिशवीत पाकिटं सापडली. तपासणारा तरुण अधिकारी माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही त्याच ना? आमच्या प्रशिक्षणात तुमचं भाषण दाखवलं होतं." मी म्हटलं, "हो, तीच." त्याला घाम फुटला. मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाला, "पाकिटं माझ्याजवळ द्या आणि बसमध्ये बसा. मी काही पाहिलं नाही."

मी म्हटलं, "उलटं कर, बाळा. मला ठेव आणि पाकिटं बसनं पाठव. थांब्यासमोरच घर आहे, ड्रायव्हर सहज देईल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेवढं त्याला करता येईना. तेवढ्यात त्याचे वरचे आले.

संध्याकाळी मला एक फोन करू दिला. तुमच्या घरचा नंबर मला पाठ आहे. नंबर फिरवला. मग वाटलं, सांगू काय? तो वाट बघतोय आणि मी येत नाही, हे? एवढ्या आशेवर तरी त्याची रात्र निघेल. वाजायच्या आत फोन ठेवून दिला. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. दाढी करून घेतली, हे तू लिहिलंस आणि त्यापुढचं पत्र मला दोन दिवस वाचता आलं नाही.

इथे सुरुवातीला कुणी माझ्याशी बोललं नाही. पत्रकावरची बाई म्हणून सगळ्यांनी ओळखलं. माझ्या शेजारी एक वृद्धाश्रमातली परिचारिका आहे. एक म्हातारा गेला, त्याच्या उरलेल्या गोळ्या तिनं पलीकडच्या खाटेवर कण्हणाऱ्याला दिल्या, म्हणून आत आली. तिला लहान लेक आहे, ती आता कुणाकुणाकडे राहते. दुसरीनं आईसाठी खोकल्याचं औषध दुसऱ्या गावाहून आणलं होतं, तेही यादीत असल्याचं तिला पकडल्यावर कळलं. आणि एक खरोखरच विकणारी आहे, पोरांना विकायची. तिच्याकडे मला बघवत नाही. म्हणजे एका बाईपुरता माझा कायदा बरोबर निघाला. बाकीच्या आम्ही.

काल त्या परिचारिकेनं स्वतःच्या सतरंजीवर सरकून मला जागा दिली. म्हणाली, "बसा. पाय दुखत असतील."

वकील म्हणतात, सांगा की मुलाची आठवण म्हणून पाकिटं जपली होती आणि पिशवीत चुकून राहिली. तसं लिहून दिलं तर सरकार खटला मागे घेईल. वरच्यांनाही हे प्रकरण वाढायला नको आहे. मी विचार करायला वेळ मागितला आहे.

धाकटा गेला आणि मी त्याच्या पायाशीही नव्हते. एवढंच लिहायचं होतं, बाकी उगाच लिहिलं.

ताई


१६ जून

ताई,

तुमचं पत्र वाचलं. तुम्हाला तिकडे बसस्थानकावर अडवून ठेवलेलं आणि मी इथे खिडकीतून बस बघत, तुमच्या नावानं बोटं मोडत होते.

आधी एक सांगते. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, असं मी लिहिलं. ते रागानं लिहिलं होतं. ह्यांना त्याच एका कुशीवर निजता यायचं, दुसऱ्या कुशीला हाड टोचायचं. म्हणून भिंतीकडे तोंड. बाकी काही नाही. सोमवारी मला म्हणाले होते, "ताई आली नाही म्हणजे तिला कुणीतरी अडवलं असणार. अडवल्याशिवाय ती राहायची नाही." मला ते ऐकून तुमचा आणखी राग आला होता. मरणाऱ्या माणसाला कळलं ते मला कळलं नाही.

ताई, वकील सांगतात ते लिहून द्या. हात जोडून सांगते. चुकून राहिली म्हणा, आठवण म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा आणि सुटून इकडे या. दोन खोल्या आहेत, दुकान आहे. कापूस पिंजणारा माणूस येतो म्हणाला आहे, मी शिलाई करीन. तुम्ही नुसत्या बसा. घरात आता इतकं शांत असतं की मला झोप लागत नाही. ह्यांच्या कण्हण्याची सवय झाली होती, असं म्हणायची लाज वाटते, पण आहे खरं.

तुम्ही खरं बोलून कोण परत येणार आहे?

तुमची भावजय


२५ जून

वहिनी,

कुणी परत येणार नाही, हे मला कळतं. तुझ्या दोन खोल्यांत येऊन पडावं, असं किती वाटतं ते तुला सांगू नये.

पण मिठूचं नाव मी चार वर्षं सगळीकडे वापरलं. सभेत वापरलं, पेपरात वापरलं, मंत्र्यांच्या खुर्चीमागे वापरलं. आता सुटण्यासाठी वापरणार नाही. आणि त्या गोळ्या चुकून राहिल्या म्हणजे धाकट्यासाठी मी निघालेच नव्हते, असं होईल. तसं तू लिहिलंस तेव्हा मला सोसवलं नाही. तेच मी स्वतःच्या सहीनं कसं लिहून देऊ?

ती परिचारिका विचारत होती, "तुम्ही सुटलात की आमच्यासाठी बोलाल ना?" सुटले तर कोण ऐकणार आहे? कोर्टात विचारतील, तिथे उत्तर द्यावंच लागतं आणि ते लिहूनही घेतात.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

परवा मी कोर्टात मागच्या बाकावर होते. तुम्हाला दिसू नये म्हणून खांबाआड बसले. मला पाहून तुमचा आवाज कापला असता.

तुम्हाला आत आणलं तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. टीव्हीवर बघून हे वाळली म्हणाले होते, त्यांनी आता पाहिलं असतं तर काय म्हणाले असते? वकिलांनी शेवटचं तुमच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. तुम्ही नाही म्हणून मान हलवली. न्यायाधीशांनी विचारलं, "गोळ्या कशासाठी नेत होतात?"

तुम्ही म्हणालात, "माझ्या भावाला दुखत होतं."

"आणखी काही सांगायचं आहे?"

"नाही. एवढंच."

मी ह्यांच्या आजारात एकदाही रडले नव्हते. मी रडले की ह्यांना जास्त दुखायचं, म्हणून रडायचं विसरूनच गेले होते. गेले तेव्हाही रडू आलं नाही, लोकांनी नावं ठेवली. परवा तुमचं ते एक वाक्य ऐकलं आणि मला आवरेना. शिपाई पाणी घेऊन आला. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं माझा हात धरला. ती म्हणाली, "माझ्या आईलाही दुखतंय." ती तेवढ्यासाठीच आली होती, तुम्हाला बघायला.

न्यायाधीश शिक्षा वाचताना एकदा थांबले. म्हणाले, "माझ्या हातात असतं तर मी वेगळा विचार केला असता. कायद्यानं माझ्या हातात काही ठेवलेलं नाही." तुम्ही तेव्हा मान खाली घातलीत. ताई, ती खाली घालू नका. पाच वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे, असं मी स्वतःला सांगते, पण तुमचं वय आठवतं आणि पुढचं बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. औषधाच्या दुकानातली पाटी तशीच आहे. आमचे डॉक्टर गाव सोडून गेले.

काल मी भेटीचा अर्ज द्यायला तुरुंगात गेले होते. खिडकीतली बाई म्हणाली, "कैद्याशी नातं काय?" मी म्हटलं, "नणंद आहे माझी." ती म्हणाली, "तसं चालत नाही. सख्खंच नातं लागतं. नवरा, मूल, भाऊ, बहीण. कुणी आहे का त्यांना?"

मी मनात एकेक नाव घेऊन पाहिलं, ताई. तुमचे यजमान, मिठू, आणि हे. कुणीच उरलं नव्हतं.

मी अर्ज परत घेतला आणि त्यावर 'बहीण' लिहून दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

तुम्ही कोर्टात खोटं बोलला नाहीत. ह्या एका बाबतीत मात्र बोलायचं. कुणी विचारलं तर धाकटी बहीण म्हणून सांगा. येत्या गुरुवारी येते आहे. आणि तिथे सगळ्यांसमोर मी तुम्हाला अगं म्हणणार, अगं-तुगं करणार. दचकू नका. सख्ख्या बहिणीला कुणी अहो म्हणत नाही.